नाताळच्या सकाळची पाळी

२९ डिसेंबर, रविवार

पवित्र कुटुंबाचा सण. आजच!

शेखरला जाऊन आठवडाही झाला नाही आणि चर्चमध्ये माळा तशाच लुकलुकून राहिल्या. गोठ्यात मारिया, योसेफ, बाळ. दुसरं वाचन काय, तर बायकांनो, आपापल्या नवऱ्याच्या आज्ञेत रहा. माझी पाळी होती वाचायची, पण फादर कुजूर म्हणाले, "इंदू दीदी, आज आप आराम कीजिए." बरं झालं. कोणाच्या आज्ञेत राहू आता?

गौतमनं हार्मोनियम वाजवली. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. बिचारा. त्याच्याच जागी तर शेखर गेला होता त्या दिवशी.

३१ डिसेंबर

लिहून काढते. मराठीत लिहिलं की घरात कोणी वाचणार नाही. लेक ईराला समजते, पण वाचायचा कंटाळा. सासूबाईंना, म्हणजे आईंना, वाचता येत नाही.

गौतम आमच्या चर्चच्या गायकमंडळाचा प्रमुख. उरला या कारखान्यांच्या भागात लोखंडी पट्ट्यांच्या रोलिंग मिलमध्ये पाळीचा इन्चार्ज. शेखर तिथंच फिटर. नाताळची सुट्टी गौतमला मिळाली नाही. शेखर त्याला म्हणाला, "तुमचा सण आहे, जा ना भाऊ. कोणाले काही कळत नाही. मी पाहून घेतो." घरी येऊन मलाही सांगितलं, हसत. "तुमचा गवैय्या नसला तर तुमच्या येशूचा वाढदिवस कसा होईल?"

शेखर हिंदू. लग्न चर्चमध्ये झालं, पण नंतर आत कधी आला नाही. दर रविवारी मला फाटकाशी सोडायचा, समोरच्या टपरीवर चहा घेत बसायचा, मिस्साची उपासना सुटली की घेऊन जायचा. त्या दिवशी मात्र मी ऑटोनं गेले.

वाचन माझं होतं. डोंगरावरून चांगली बातमी घेऊन येणाऱ्याचे पाय किती सुंदर! मोठ्यानं वाचलं. गौतमनं त्यावर स्तोत्र गायलं. फार गोड गायला. घरी आले तर दारात मिलचा माणूस उभा. पायात धुळीनं भरलेले कारखान्याचे बूट.

ते वाचन मी पुन्हा कधीच वाचणार नाही.

२६ जानेवारी, रविवार

शुभवर्तमान: गरिबांना आनंदाची बातमी, कैद्यांना सुटका. आमच्याकडे बातमी आली दुपारी. मिलची दोन माणसं मिठाईचा डबा घेऊन आली. मिठाई! झेंडावंदनाची उरलेली.

चौकशी झाली म्हणे. रोलरमध्ये पट्टी अडकली होती. अशा वेळी लाईन बंद करतात आणि इन्चार्ज स्विचजवळ उभा राहतो. आतला माणूस बाहेर येईस्तोवर कोणाला हात लावू देत नाही. "इन्चार्ज हाज़िर थे. उन्होंने मना किया. शेखर जी माने नहीं, अंदर चले गए. गलती उन्हीं की निकली."

मी विचारलं, कोण इन्चार्ज?

"गौतम जी. उनका बयान है."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. तेच नाव.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मिठाईचा डबा उचलला, बोलणाऱ्याच्या हातात ठेवला. "घेऊन जा बापू. माहा पोट्टा कोणाचं आयकत नव्हता, असं पहिल्यांदाच आयकून राहिली मी."

२ फेब्रुवारी, रविवार

मंदिरात बाळाचं अर्पण. मेणबत्त्या. सिमोन म्हातारा मारियेला सांगतो, तुझ्या जिवातून तलवार जाईल. आणि ती हन्ना, लग्नानंतर थोड्याच वर्षांत विधवा झालेली, रात्रंदिवस मंदिरात. आजवर ती मला फार पवित्र वाटायची. आज वाटलं, दुसरीकडे जायला जागाच नसेल तिला.

मिस्सा सुटल्यावर गौतमला हार्मोनियमच्या खोलीत गाठलं.

"तू इथं गात होतास."

"ताई, हळू बोला."

"मी समोर उभी होते, गौतम! मी वाचलं, तू गायलास."

त्यानं दार लोटलं. म्हणाला, मालकांनी बोलावलं, म्हणाले की ड्युटीवर नव्हता असं निघालं तर तुझ्यावरच केस, जेल. सही केली ताई. पोरगी लहान आहे.

"आणि शेखर?"

"शेखर भैया तो अब..." एवढंच बोलला. हिंदीत. आमच्याशी नेहमी मराठीत बोलतो, गोंदियाचा आहे. खोटं बोलायला त्याला दुसरी भाषा लागली.

शेखर आता नाही, म्हणून त्याच्या नावावर काहीही टाकता येतं. असंच ना?

२३ फेब्रुवारी, रविवार

आपल्या वैऱ्यांवर प्रेम करा! एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा!

फादर छान बोलले. क्षमा म्हणजे स्वतःला मोकळं करणं, वगैरे. मग शांतीचं अभिवादन. सगळे वळून वळून एकमेकांना हात जोडून राहिले. गौतमनं हार्मोनियमवरून हात उचलले, माझ्याकडे वळून जोडले. डोळे खाली.

मी हात जोडले नाहीत. पिशवी घट्ट धरून उभी राहिले. बाजूच्या बाईनं पाहिलं. पाहू दे.

मग तो ख्रिस्तशरीराची पवित्र भाकर घ्यायला रांगेत लागला. माझ्या पुढे. त्यानं घेतलं. मी रांगेतून परत आले.

५ मार्च

राखेचा बुधवार. फादरनी कपाळाला राख लावली: तू माती आहेस. मला माहीत आहे, फादर. मी राजिमच्या नदीवर शेखरच्या राखेची घागर घेऊन गेले होते.

२३ मार्च, रविवार

हे वाचन इतक्या वर्षांत मी कधी नीट ऐकलंच नव्हतं. शिलोहाचा बुरूज पडला, अठरा माणसं मेली. येशू विचारतो, ते बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होते असं वाटतं का तुम्हाला? नाही, मी सांगतो, नाही.

नाही! स्पष्ट म्हणतो. त्याच्याही काळात असं होतं तर! बुरूज पडला की आधी मेलेल्यांची चूक शोधायची. बांधणारा कोण, देखरेख कोणाची, हे कोणी विचारायचं नाही.

शेखरचं नाव सोडवायला केस टाकायची, म्हणून वकिलाकडे गेले. म्हणाले, गौतम त्या वेळी चर्चमध्ये होता हे सांगणारा दुसरा कोणी पाहिजे. "आप तो पत्नी हैं, आपका कहना कौन मानेगा." मी हसले. म्हटलं, साक्षीदार पाहिजेत? अख्खं चर्च भरलेलं होतं. उभं राहायला जागा नव्हती.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

तीन आठवडे घरोघरी फिरले. गाण्यात गौतमच्या बाजूला उभी असलेली बाई म्हणाली, "याद नहीं दीदी, भीड़ बहुत थी." पुढच्या बाकावर बसणारे पेन्शनर म्हणाले, डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. एकीनं तर विचारलं, "आपके हसबैंड अपने कैथोलिक थे क्या?" मी म्हटलं, नव्हते. "अच्छा," म्हणाली. त्या अच्छामध्ये सगळं आलं.

शेवटी फादरना विचारलं. तुम्ही तर वेदीवर होतात, तो तुमच्या समोर होता. फादर वाईट माणूस नाही. शेखर गेला तेव्हा मारवाडी स्मशानघाटावर येऊन एका कोपऱ्यात उभा राहिला होता. म्हणाले, "दीदी, बाहर का माहौल देख रही हैं. लोग मौका ढूँढ रहे हैं हमारे खिलाफ़. ऐसे में हम अपने ही आदमी को कोर्ट में खींचें?"

"आणि शेखर कोणाचा आदमी होता, फादर?"



आज दुःखसहनाचं लांब वाचन. पेत्र कोंबडा आरवायच्या आत तीनदा म्हणतो, मी त्या माणसाला ओळखत नाही. सगळे झावळ्या धरून उभे. सगळ्यांचे चेहरे दुःखी.

निदान पेत्र बाहेर जाऊन रडला तरी.

२० एप्रिल

ईस्टर. कबर रिकामी. इथं पलंग.

ईरा आली नाही चर्चला. "मम्मी, मैं नहीं आऊँगी अब. आप जाओ, आपको अच्छा लगता है तो." अच्छा कुठं लागते, पोट्टे!

१३ जुलै, रविवार

आज अक्षर वाकडं येऊन राहिलं.

आज वाचन माझ्याकडे होतं. पहिलं वाचन: माझं वचन आकाशात नाही, समुद्रापलीकडे नाही, ते अगदी तुझ्याजवळ आहे, तुझ्या तोंडात आहे. मग फादरनी शोमरोनी माणसाची गोष्ट वाचली. याजक बाजूनं जातो, लेवी बाजूनं जातो, आणि परक्या धर्माचा माणूस थांबतो. उपदेशात म्हणाले, आज आपला शोमरोनी कोण?

मला माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

मग विश्वासूंच्या प्रार्थना. त्याही मीच वाचायच्या. धर्मसभेसाठी. देशाच्या नेत्यांसाठी. चांगल्या पावसासाठी. प्रत्येकीनंतर सगळे एका सुरात, "हे प्रभु, हमारी प्रार्थना सुन." छापलेल्या संपल्या. मी कागद उलटा केला आणि थांबले नाही.

"हमारे भाई शेखर के लिए, जो इस चर्च के अंदर कभी नहीं आए, पर जिनकी वजह से क्रिसमस की सुबह गौतम यहाँ बैठकर गा सका. और हम सबके लिए, जिन्होंने गौतम को यहाँ देखा और अब जिन्हें याद नहीं आता. हम प्रभु से निवेदन करें."

आणि सगळं चर्च म्हणालं, "हे प्रभु, हमारी प्रार्थना सुन!"

सवयीनं! तोंडातून निघून गेलं त्यांच्या. मग अर्थ ध्यानात आला. कोणीतरी खोकलं. गौतमचा हात हार्मोनियमवर पडला, एक भेसूर सूर निघाला. त्याची बायको रुचिता पोरीला कडेवर घेऊन उठली आणि बाजूच्या दारानं बाहेर गेली.

मी जागेवर येऊन बसले. बाजूची बाई सरकून बसली.

घरी येऊन आईंना सांगितलं. त्या भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "मंग? देवानं आयकलं का?"

२० जुलै, रविवार

मार्था आणि मारिया. मार्थे, तू किती गोष्टींची काळजी करतेस! दुसऱ्याच एका मुलीनं वाचलं. अडखळत.

गुरुवारी फादर घरी आले होते. कुछ दिन आप न पढ़ें तो अच्छा. मी म्हटलं, प्रार्थना चुकीची होती का? म्हणाले, प्रार्थना नहीं, जगह गलत थी.

प्रार्थनेसाठी चर्च ही चुकीची जागा. लिहून ठेवते.

१९ ऑक्टोबर, रविवार

उद्या दिवाळी. गोल बाजारात पाय ठेवायला जागा नाही. आईंना पणत्या पाहिजे होत्या, घेऊन आले. या वर्षी लावायच्या नसतात, पण त्या म्हणाल्या, एक लावू, त्याच्यासाठी.

गुरुवारी लेबर कोर्टात पुन्हा तारीख होती. जजसाहेब सुटीवर. पुढची नोव्हेंबरात. मिलच्या वकिलानं सांगितलं, त्या दिवशी आमचा साक्षीदार गौतम येईल. तेच बोलणार, आणखी काय. गौतम म्हणे आजारी रजेवर आहे. सोंग!

आणि आजचं वाचन काय? विधवा आणि न्यायाधीश! देवाला न भिणारा, माणसाला न जुमानणारा न्यायाधीश, आणि ती रोज त्याच्या दारात. शेवटी कंटाळून तो न्याय देतो. इतकं कडू हसू आलं मला. त्या बाईला न्यायाधीश निदान घरी सापडत होता.

पणत्या धुताना आईंना ही गोष्ट सांगितली. त्या दर रविवारी विचारतात, आज तुमच्या पुस्तकात काय होतं. पूर्ण ऐकली. हात थांबला.

"रोज जाये का ते बाई?"

"हो."

"काही करे नाही? फक्त जाये?"

"फक्त जायची."

"हे तर मलेही जमते," म्हणाल्या.

२४ ऑक्टोबर

भाऊबीज झाली आणि आई आज सकाळी लुगडं नेसून, डबा घेऊन ई-रिक्षात बसल्या. विचारलं, कुठं? "गुढियारीले." गौतमचं घर! मी म्हटलं, आई, वय काय तुमचं, ऊन काय. "सावली असन तिथं."

संध्याकाळी परत आल्या. काय झालं? "काही नाही. बसली." काय बोलला? "मी बसाले गेली होती, बोलाले नाही."

२६ ऑक्टोबर, रविवार

परूशी आणि जकातदार. परूशी म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही, त्या जकातदारासारखा नाही, म्हणून तुझे आभार.

हो, मी म्हणते. रोज म्हणते. देवा, मी त्या गौतमसारखी नाही. आभार! कोणाला चालत नसेल तर नको चालू दे.

आई रोज जाऊन राहिल्या. आज रविवार, तरी गेल्या. गौतमच्या दारातल्या रांगोळीच्या पायरीवर बसलेल्या त्या मी ऑटोतून पाहिल्या. आधी मला संकोच वाटला. मग बरं वाटलं. खूप बरं वाटलं. येता-जाता अख्खा पारा, सगळी वस्ती, बघत असेल. विचारत असेल, ही म्हातारी कोण? कोणाची आई? बसा आई. बसा त्याच्या छातीवर.

२ नोव्हेंबर, रविवार

सर्व मृतांचा दिवस. कब्रस्तानात सगळ्यांनी कबरी धुतल्या, झेंडू वाहिले. फादर एकेका कबरीवर पवित्र पाणी शिंपडत फिरले. माझ्याजवळ फुलं होती, कबर नव्हती. एका कोणाच्या तरी जुन्या कबरीवर ठेवून आले. नाव घासलं गेलेलं. काय फरक पडतो!

परत येताना गुढियारीवरून आले. आई पायरीवर नव्हत्या. दार उघडं. आतून आईंच्या हसण्याचा आवाज. आणि गौतमची पोरगी हसत होती.

घरी आल्यावर भांडले. "तुम्ही आत बसता? त्याच्या घरचं पाणी पिता?" आईंनी लुगड्याची घडी केली. "पोट्टी लहान हाय. तिले काय माहीत."

"शेखर तुमचा मुलगा होता, आई!"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला माझ्याच बोलण्याची चीड आली, पण माघार घेतली नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आईबाप, भाऊ, मित्र तुम्हाला धरून देतील, म्हणे. सासू राहिली यादीत.

आम्ही दोघी धड बोलत नाही. त्या जातात, त्या येतात.

२३ नोव्हेंबर, रविवार

ख्रिस्तराजाचा सण. चर्चच्या वर्षाचा शेवटचा रविवार. दोन चोर, मधे तो. एक चोर म्हणतो, आपण आपल्या कर्माचं भोगतो आहोत, यानं तर काही चुकीचं केलं नाही. आणि त्याला लगेच स्वर्ग. आजच्या आज!

सोपं आहे चोरांचं.

गौतम आता चर्चला येत नाही. गायकमंडळाला सूर सापडत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

कोर्ट. आई सोबत आल्या. ईरापण आली. गौतम मिलच्या वकिलाबरोबर आला. ओळखू येईना. शर्ट खांद्यावरून लोंबत होता. दाढी वाढलेली.

वकिलानं विचारलं, घटना के समय आप कहाँ थे?

गौतम म्हणाला, "चर्च में."

वकिलाला वाटलं, गोंधळला. पुन्हा विचारलं.

"चर्च में था साहब. गा रहा था. स्विच पर मुझे होना था. शेखर भैया को मना करने वाला वहाँ कोई था ही नहीं. उन्होंने किसी की बात नहीं टाली. बयान झूठा है. मुझसे लिखवाया, मैंने साइन किया."

मिलचा वकील ओरडायला लागला. साहेबांनी हात वर केला, टाईप करणाऱ्याला म्हणाले, लिखिए. ईरानं माझा हात धरला. किती दिवसांनी!

दहा महिने या एका वाक्यासाठी जगले. किती वेळा कल्पना केली होती, हे ऐकीन तेव्हा कसं वाटेल. काहीच वाटलं नाही. शेखर सुटला, एवढंच समजलं.

बाहेर व्हरांड्यात गौतम भिंतीला टेकून उभा. आता नोकरी जाईल, पोलीस येतील, त्याला माहीत होतं. आई त्याच्याजवळ गेल्या आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यांसमोर. मी तोंड फिरवलं.

घरी आल्यावर म्हटलं, जमलं तुम्हाला, आई. त्या विधवेसारखं जमलं. त्या म्हणाल्या, "हव." आणि झोपायला गेल्या.

३० नोव्हेंबर, आगमनकाळाचा पहिला रविवार

चर्चला गेले नाही. सकाळी पाहिलं, आई पुन्हा डबा भरून तयार.

"आता काहून? बोलला ना तो!"

"बोलाले लावाले कोण जात होतं? त्यानं मले पहिल्याच दिवशी सांगतलं सगळं. पायावर पडून. तवाच उठून येनार होती मी. तं रुचिता मागून आली, म्हणे, आजी, दोनदा यांच्या गळ्यातली दोरी सोडवली मी. मी नर्स हाय, दिवसभर ड्युटी, घरी कोणी नाही. तुम्ही उठू नका."

मी दाराला धरून उभी राहिले.

"मले काहून नाही सांगितलं, आई?"

"तू सोडली असती का त्याले?"

खाली ई-रिक्षावाल्यानं भोंगा वाजवला. आईंनी चपला घातल्या. "एक गेला माहा," म्हणाल्या. "येतं का तू?"

गेले.